मूठ कशी आहे त्यावर गुन्हा ठरतो

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. आणि 'बंदूक' शब्द दिसला म्हणून लगेच पुढे सरकू नका, कारण यातला बराच भाग आपल्यातल्या व्हिसावाल्यांच्या आणि ग्रीन कार्डवाल्यांच्या मानेशी येतो.

आधी एक कोडं. टेबलावर दोन रायफली ठेवल्यात. दोन्ही सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप येऊन बसते. दोन्हींत काडतूस एकच, .२२३. दोन्हींना खालून लावायचं, काढता येणारं दहा गोळ्यांचं मॅगझिन. एकीला लाकडी दस्ता, जुन्या शिकारी बंदुकीला असतो तसा. दुसरी काळी, प्लास्टिकची, आणि चापामागे पिस्तुलासारखी मूठ. पहिली आपल्या कॅलिफोर्नियात दुकानातून रीतसर मिळते. दुसरी नोंदणीशिवाय घरात सापडली तर तुम्ही 'असॉल्ट वेपन' बाळगणारे आरोपी.

आता पहिलीचा लाकडी दस्ता काढून तिला मुठीचा दस्ता बसवा. गोळी तीच, वेग तोच, मरणारा माणूस तितकाच मरणार. पण गुन्हा झाला! उलट दुसरीची मूठ काढा आणि तिथे माशाच्या पंखासारखा एक प्लास्टिकचा तुकडा लावा, म्हणजे अंगठा गोल फिरवून धरता येणार नाही. बाकी कुठलं बंदी घातलेलं 'फीचर' नसेल तर तीच रायफल कायदेशीर. असे तुकडे राजरोस विकले जातात. त्याचा एक धंदाच उभा राहिलाय.

हे मी रंगवून सांगत नाहीये. राज्याच्या पीनल कोडचं कलम ३०५१५ काढून वाचा. सेंटरफायर सेमी-ऑटोमॅटिक रायफल, मॅगझिन पक्कं बसवलेलं नाही, आणि पुढच्यापैकी एक जरी गोष्ट असेल: खाली ठळक दिसणारी पिस्तूल ग्रिप, अंगठा घालायचं भोक असलेला दस्ता, घडी होणारा किंवा आत-बाहेर सरकणारा दस्ता, पुढच्या हातासाठी दुसरी मूठ, नळीच्या तोंडाशी गोळी सुटतानाचा झोत लपवणारा फ्लॅश सप्रेसर, किंवा ग्रेनेड वा फ्लेअर लाँचर. ग्रेनेडचं ठीक आहे, कळलं. पण अंगठ्याचं भोक? शिवाय पूर्ण लांबी ३० इंचांपेक्षा कमी असेल तर वेगळा नियम, मॅगझिन पक्कं पण दहापेक्षा जास्त गोळ्यांचं असेल तर वेगळा. आणि .२२ रिमफायर रायफल असेल तर यातलं काहीच लागू नाही, ती कितीही काळी आणि भयानक दिसली तरी.

लगेच काही जण म्हणतील, हा बंदूकवाल्यांच्या टोळीत कधी गेला? गेलो नाही. मला कडक कायदा हवाय. माझी मुलं इथल्याच पब्लिक शाळेत शिकली, 'लॉकडाउन ड्रिल' म्हणजे काय हे मला त्यांनी शिकवलं. बंदूक घेताना दहा दिवस थांबावं लागतं, लेखी परीक्षा द्यावी लागते, पार्श्वभूमी तपासली जाते, या सगळ्याला माझा पाठिंबा आहे. आणि म्हणूनच संताप येतो. कडक कायदा आणि किचकट कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या राज्यात गेली पस्तीस वर्षं दुसरीला पहिली म्हणून खपवलं जातंय.

हे असं झालं कसं, ते थोडक्यात. जानेवारी १९८९ मध्ये स्टॉकटनच्या एका प्राथमिक शाळेच्या मैदानावर एकाने रायफल चालवली. पाच मुलं गेली. बहुतेक आग्नेय आशियातून आलेल्या निर्वासितांची मुलं होती. त्याच वर्षी राज्याने देशातला असा पहिला कायदा केला. कसा? रायफलींच्या नावांची यादी! अमुक कंपनीचं तमुक मॉडेल, बंदी. कंपन्यांनी काय करावं? नाव बदललं, एखादा भाग बदलला, माल पुन्हा दुकानात. मग १९९९ मध्ये कायदा आला की नावं जाऊ द्या, फीचर्स बघा. तो २००० पासून लागू. मग कंपन्यांनी 'बुलेट बटण' काढलं. मॅगझिन बोटाने निघणार नाही, अवजाराने निघेल. अवजार कोणतं? गोळीचं टोक चालतं! झालं, कायद्याच्या भाषेत मॅगझिन 'काढता येण्यासारखं' राहिलं नाही. कित्येक वर्षं हा खेळ चालला. डिसेंबर २०१५ मध्ये सॅन बर्नार्डिनोत १४ माणसं मारली गेली, त्यानंतर २०१६ मध्ये नवा कायदा: रायफलचा मुख्य भाग उघडल्याशिवाय मॅगझिन निघता कामा नये. मग बाजारात असे भाग आले की रायफल जराशी उघडली की मॅगझिन निघतं. पुन्हा तेच.

मधल्या काळात एसकेएस रायफलींचा जो घोळ झाला तो तर वाचण्यासारखा आहे. राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने आधी त्यातला एक प्रकार चालतो म्हणून सांगितलं, पुढे अर्थ फिरवला. लोकांनी सरकारचं ऐकून घेतलेल्या रायफली एका रात्रीत बेकायदा. शेवटी राज्याला पैसे देऊन त्या परत घ्याव्या लागल्या. आणि २०१८ मध्ये बुलेट बटणवाल्या रायफली ऑनलाइन नोंदवायची मुदत होती, शेवटच्या दिवसांत वेबसाइट आडवी झाली. कायदा पाळायला बसलेल्या लोकांचाच अर्ज जाईना. त्यांनी दावा लावला, आणि २०२२ मध्ये त्यांच्यासाठी ती खिडकी पुन्हा उघडावी लागली. चार वर्षं ती माणसं कोण होती, नागरिक की गुन्हेगार?

आता आपल्यातलीच गोष्ट. नाव विचारू नका, आडनावाचा अंदाजही बांधू नका. एक गृहस्थ, टेक्सासात नऊ वर्षं काढलेले, ग्रीन कार्डवाले, सज्जन माणूस, गणपतीत आरत्या पाठ म्हणणारा. तिकडे शेजाऱ्यांच्या नादाने एक काळी रायफल घेतली, सोबत तीस गोळ्यांची तीन मॅगझिन्स. टेक्सासात यात काही विशेष नाही. ग्रीन कार्डवाल्याला कायद्याने बंदूक घेता येते, त्यामुळे तिथेही काही चूक नाही. मग नोकरी बदलली, ट्रक भरला आणि फ्रीमॉन्टला आले. खोकी उघडता उघडता कुणीतरी म्हणालं, अहो, इकडे हे चालत नाही.

मग माणूस कायदा पाळायला निघाला. एका दुकानात सांगितलं, मूठ बदला, झालं. दुसऱ्यात सांगितलं, मूठ बदलून काय होतंय, तुम्ही ती आणलीत तेव्हा मूठ होती ना? एका सरकारी फोनवर उत्तर मिळालं, आम्ही कायदेशीर सल्ला देत नाही, वकील गाठा. वकिलाने तासाचे पैसे घेतले आणि घाम फुटेल असं सांगितलं. असं शस्त्र नुसतं बाळगणं हा परिस्थितीनुसार छोटा किंवा मोठा गुन्हा होऊ शकतो. पण राज्यात *आणणं* हा सरळ फेलनी, कलम ३०६००, शिक्षा चार, सहा किंवा आठ वर्षं. तीच रायफल राज्याच्या हद्दीबाहेर थांबून, अर्ध्या तासात मूठ, दस्ता आणि नळीच्या टोकाचा भाग बदलून आणली असती आणि साठ दिवसांत नवीन रहिवासी म्हणून कळवली असती, तर काहीच नाही. मॅगझिन्स मात्र तरीही आणायची नाहीत, तो निराळा गुन्हा. आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं.

वहिनी दोन आठवडे झोपल्या नाहीत. बरं, पोलिसांना जाऊन विचारावं तर विचारणं हाच कबुलीजबाब. शेवटी वकिलामार्फत सगळं सरकारजमा केलं. सुटले बिचारे. मला सांगा, या माणसाला घाबरवून कॅलिफोर्नियातलं कोणतं मूल सुरक्षित झालं?

ज्याला मारायचंच असतं तो काय करतो ते आपण आपल्या अंगणात बघितलंय. २८ जुलै २०१९, गिलरॉयचा गार्लिक फेस्टिव्हल. आपल्यातल्या कितीतरी जणांनी तिथलं लसणाचं आइस्क्रीम खाल्लंय. एकोणीस वर्षांच्या मुलाने तिथे तिघांना मारलं, त्यात एक सहा वर्षांचा मुलगा आणि एक तेरा वर्षांची मुलगी. रायफल कुठली? नेवाडातून आणलेली. त्याच वर्षीच्या जानेवारीपासून आपल्याकडे रायफल घ्यायचं वय २१ झालं होतं. नेवाडाच्या दुकानाने ती त्याला कायदेशीर विकली. सोबत ७५ गोळ्यांचा ड्रम. रीनो किती लांब आहे? आपण पोरांना बर्फ दाखवायला टाहोला जातो, त्याच्या थोडं पुढे. हद्दीवर भाजीपाला तपासणारं नाकं आहे. संत्री आहेत का विचारतात!

२६ मे २०२१, सॅन होजेचं व्हीटीए यार्ड. नऊ जण गेले, त्यात एक आपला पंजाबी भाऊसुद्धा. तीन हँडगन होत्या. एकही रायफल नाही, त्यामुळे मूठ, भोक, घडीचा दस्ता हे सगळं कलम तिथे नुसतं बघत बसलं. जानेवारी २०२३, हाफ मून बे, सात शेतमजूर. पुन्हा हँडगन.

आता मॅगझिनकडे येतो, कारण इथे माझं मत बंदूकवाल्यांना आवडणार नाही. मॅगझिनच्या मर्यादेत मला अर्थ दिसतो. मुठीने किती माणसं मरतात हे बदलत नाही, पण न थांबता किती गोळ्या सुटतात याने बदलतं. जानेवारी २०११, टूसॉन. खासदार गॅबी गिफर्ड्स यांच्या सभेत ३३ गोळ्यांचं मॅगझिन लावलेलं पिस्तूल घेऊन एक जण आला. सहा जण गेले, त्यात नऊ वर्षांची एक मुलगी होती. तो थांबला केव्हा? मॅगझिन रिकामं झालं, दुसरं लावायला गेला, तेवढ्या काही सेकंदांत लोकांनी झडप घातली, एका बाईने ते दुसरं मॅगझिन पकडलं. ते मॅगझिन दहाचं असतं तर ते सेकंद लवकर आले असते. हिशोब सोपा आहे.

पण हा सोपा हिशोबसुद्धा या लोकांनी कसा नासवलाय बघा. आपल्याकडे दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन २००० पासून विकता येत नाही, पण आधीचं असेल तर ठेवा. म्हणजे मॅगझिनवर तारीख नाही, पावती नाही, आणि कायदा म्हणतो जुनं असेल तर चालेल! मग २०१६ मध्ये आपण मतदारांनीच प्रपोझिशन ६३ मंजूर केलं, की जुलै २०१७ पासून जुनंही ठेवायचं नाही. दोन दिवस आधी सॅन डिएगोच्या फेडरल न्यायाधीशांनी स्थगिती दिली. २९ मार्च २०१९ ला त्यांनी कायदाच रद्द केला, आणि एक आठवडा, ५ एप्रिलच्या संध्याकाळी पाचपर्यंत, कॅलिफोर्नियात मोठी मॅगझिन्स उघड विकत घेता येत होती. लोकांनी ढिगाने मागवली. त्या आठवड्याला तिकडच्या लोकांनी 'फ्रीडम वीक' असं नावही ठेवलं. मग वरच्या कोर्टाच्या एका खंडपीठाने २०२० मध्ये रद्द करणं योग्य म्हटलं, २०२१ मध्ये मोठ्या खंडपीठाने चूक म्हटलं, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत पाठवलं, २०२३ मध्ये त्याच न्यायाधीशांनी पुन्हा रद्द केलं, आणि मार्च २०२५ मध्ये मोठ्या खंडपीठाने ७ विरुद्ध ४ अशा मतांनी कायदा पुन्हा उभा केला. कारण काय दिलं? मोठं मॅगझिन हे 'शस्त्र' नाहीच, ती शस्त्राची ॲक्सेसरी! विरोधातल्या एका न्यायाधीशांनी तर चेंबरमध्ये पिस्तुलं खोलून दाखवणारा व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकला. न्यायाधीश! व्हिडिओ! आपल्याकडची दूरदर्शन मालिका असती तर म्हटलं असतं लेखकाने जरा जास्तच केलं.

आणि हद्द ओलांडली की आकडा बदलतो. इथे दहा. नेवाडात, ॲरिझोनात मर्यादाच नाही. कोलोरॅडोत पंधरा. डेलावेअरमध्ये सतरा. सतरा कुठून आला, देव जाणे. इलिनॉयमध्ये आणि व्हर्मॉन्टमध्ये रायफलला दहा, पिस्तुलाला पंधरा. न्यूयॉर्कने २०१३ मध्ये सगळ्यांवर कडी केली: मॅगझिन दहाचं ठेवा, पण त्यात गोळ्या सातच भरा! फेडरल कोर्टाने त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी तो सातचा नियम काढून टाकला. शिकागोचा भाऊ, डेन्व्हरची बहीण आणि सॅन होजेचे आपण, तिघांनी एकच वस्तू घेतली तर तीन वेगळे न्याय.

देशभर एक आकडा होता एकदा. १९९४ चा फेडरल कायदा, नव्या मॅगझिनला दहाची मर्यादा. पण त्याला मुदत दहाच वर्षांची घातली, सप्टेंबर २००४ मध्ये तो आपोआप संपला, आणि वॉशिंग्टनमध्ये कुणी बोट हलवलं नाही.

वरवरच्या खुणेवरून शस्त्राची जात ठरवायची खोड फक्त अमेरिकेचीच आहे असं समजू नका. आपल्याकडे ज्यांच्या घरी आजोबांचा परवाना होता त्यांना 'प्रोहिबिटेड बोअर' हा शब्द माहीत असेल. .३०३ रायफल सामान्य माणसाला मनाई, कारण ते एके काळचं लष्कराचं काडतूस. त्याहून जोरकस .३०-०६ मात्र परवान्यावर चालते. म्हणून तर .३१५ गावोगाव दिसायची. मूळ भीती इंग्रजांची, की लष्कराची काडतुसं चोरून देशी लोक वापरतील. इंग्रज गेले, भीतीचं कलम राहिलं. पण निदान तिथे नियमाला एक तर्क तरी होता, की कोणतं काडतूस बसतं ते बघा. इथे अंगठा बघतात.

या गोंधळाचा फायदा कुणाला? सॅक्रामेंटोतल्या पुढाऱ्याला, कारण दर हत्याकांडानंतर एक नवं 'फीचर' जोडून त्याला मेल पाठवता येतो की बघा, आम्ही काहीतरी केलं. बंदूक लॉबीला तर फारच, कारण असा वेडावाकडा कायदा दाखवून 'सगळेच कायदे मूर्खपणाचे' असं म्हणता येतं, वर्गणी गोळा होते. सुटे भाग विकणाऱ्याला. वकिलाला. आणि थोडा आपल्यालाही, कारण 'कॅलिफोर्नियात कडक कायदा आहे हो' असं म्हणून आपण पॉटलकला जातो, विषय संपला.

मला काय हवंय ते सांगतो. मूठ, भोक, झोत हे सगळं कलम फाडून टाका. सेंटरफायर, सेमी-ऑटोमॅटिक, काढता येणारं मॅगझिन: हा एकच वर्ग करा, लाकडी असो नाहीतर काळी. या वर्गासाठी बंदुकीला नाही, माणसाला परवाना द्या. प्रत्यक्ष चाचणी, दर काही वर्षांनी नूतनीकरण, घरात ती कुठे कशी बंद ठेवलीय त्याची तपासणी. लाकडी दस्तावाल्यांना हे जड जाईल, काळीवाल्यांना सुटल्यासारखं वाटेल, दोघंही माझ्यावर चिडतील. चिडू द्या. मॅगझिनचा आकडा देशभर एक हवा, त्यासाठी आपल्या काँग्रेसच्या प्रतिनिधीला धारेवर धरा, नुसतं राज्यावर चिडून उपयोग नाही. आणि एक गोष्ट तर उद्याच करता येईल, एक पैसा न खर्च करता: राज्याने सचित्र, साध्या भाषेतली पुस्तिका काढावी, आणि त्यात लिहावं की यात जे चालतं म्हटलंय ते करणाऱ्यावर खटला भरला जाणार नाही. 'आम्ही सल्ला देत नाही' म्हणणाऱ्या सरकारला आठ वर्षं तुरुंगात टाकायचा हक्क कसा काय?

आणि आता व्हिसावाल्यांनो, नीट वाचा, विशेषतः एच-१बी वाले तरुण. वेगासला बॅचलर पार्टीत रेंजवर जाऊन मशीनगनसोबत फोटो काढता, स्टेटसला ठेवता. फेडरल कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस *हाताळणं* हेसुद्धा बाळगण्यात धरलं जाऊ शकतं, आणि ते मना आहे. काही मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे वैध हंटिंग लायसन्स. म्हणजे तुम्हाला हरणं मारायचा परवाना असेल तर कागदी पुठ्ठ्यावर गोळी झाडायला हरकत नाही! रेंजवर फॉर्मवर सही करताना ही ओळ बारीक अक्षरात असते, ती वाचा. ते फोटो काढून टाका असं मी म्हणत नाही, वकिलाला विचारा. पण यापुढे जाताना दहा मिनिटं कायदा वाचून जा, आणि टेक्सास, ॲरिझोनातून कुणी इकडे राहायला येत असेल तर ट्रक भरायच्या *आधी* त्याला ही पोस्ट पाठवा.

माझ्या असेंब्ली मेंबरच्या ऑफिसला मी पुस्तिकेच्या मागणीचं पत्र इंग्रजीत लिहून पाठवलंय. कुणाला मसुदा हवा असेल तर मेसेज करा, नाव-पत्ता बदलून तुमच्या मतदारसंघात पाठवता येईल. दिवाळीच्या आत पन्नास पत्रं गेली पाहिजेत.